हौस, हुद्दा आणि हिशेब : व्हिक्टोरियन इंग्लंडमधला हौशी क्रिकेटपटू

डब्ल्यू. जी. ग्रेसने १८७३ साली ऑस्ट्रेलियाला नेलेल्या संघात बारा खेळाडू होते : पाच हौशी, सात व्यावसायिक. व्यावसायिकांना दौऱ्याचे प्रत्येकी १७० पौंड ठरले होते. ग्रेसला १,५०० पौंड मिळणार होते. शिवाय त्याचा आणि नुकतेच लग्न होऊन सोबत निघालेल्या पत्नीचा प्रवासखर्च वेगळा. व्यावसायिकांची सोय बोटीच्या दुसऱ्या वर्गात होती, आणि किनाऱ्याला लागल्यावर त्यांची हॉटेलेही वेगळी होती. संघात सर्वांत जास्त पैसे घेणारा माणूस हौशी म्हणून ओळखला जात होता, आणि त्याच्या एक-नवमांशाच्या आसपास घेणारे सात जण पैशासाठी खेळणारे समजले जात होते.

व्हिक्टोरियन क्रिकेटचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला कुठे ना कुठे या आकड्यांपाशी थांबावेच लागते. तो हौशी खेळाडू नेमका कोण होता? तो कशावर जगत होता? त्याने या खेळाला काय दिले, आणि त्याच्या नावाने चाललेल्या व्यवस्थेची किंमत कोणी चुकवली? गेल्या शतकभरात या प्रश्नांची उत्तरे बदलत गेली आहेत. काही ठळक आयुष्ये समोर ठेवून त्यांचा हा आढावा.

एक खेळ, दोन दारे

इंग्लिश क्रिकेटमध्ये पैसा व्हिक्टोरिया राणीच्या आधीपासून होता. अठराव्या शतकातले जमीनदार उघडपणे पैजा लावत आणि जिंकण्यासाठी चांगला गोलंदाज माळी किंवा शिकाररक्षक म्हणून पदरी ठेवत. मालक आणि नोकर एकाच संघातून खेळत. १८०६ साली लॉर्ड्सवर 'जंटलमेन' विरुद्ध 'प्लेअर्स' हा सामना पहिल्यांदा झाला तेव्हा ही विभागणी कोणी नव्याने शोधून काढली नव्हती. गावच्या जीवनात असलेली उतरंड मैदानावर उतरली, एवढेच.

या उतरंडीला नीतीचा आधार दिला तो व्हिक्टोरियन शाळांनी. ईटन, हॅरो, रग्बी या शाळांत आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये क्रिकेट हे चारित्र्य घडवण्याचे साधन मानले जाऊ लागले. १८५७मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉमस ह्यूजच्या 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' या कादंबरीने ही कल्पना घरोघरी पोहोचवली. संघासाठी खेळणे, हार पचवणे, पंचाचा निर्णय निमूट मानणे हे सज्जनाचे गुण ठरले. मोबदल्याची अपेक्षा न ठेवणे हाही त्यांतलाच एक. या मुलांना फलंदाजी शिकवायला शाळांनी व्यावसायिक खेळाडू नेमले होते. ते तासन्‌तास नेटमध्ये चेंडू टाकत. इंग्लंडमध्ये फलंदाजी हा सज्जनांचा प्रांत आणि गोलंदाजी हे कष्टकऱ्यांचे काम अशी जी समजूत पुढे कितीतरी काळ टिकली, तिचे मूळ या नेटमध्ये आहे.

मैदानावर हा भेद पदोपदी दिसे. धावफलकाच्या छापील कार्डावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे नावाआधी येत, मागेपुढे 'मिस्टर' किंवा 'एस्क्वायर' लागे. व्यावसायिकाचे नुसते आडनाव असे. कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, जेवणाची टेबले वेगळी, आगगाडीचे डबे वेगळे, कित्येक मैदानांवर आत येण्याची दारेही वेगळी. एकाच जोडीतले दोन सलामीवीर दोन दारांनी बाहेर पडत आणि खेळपट्टीवर भेटत.

तरीही इतर खेळांशी तुलना केली तर क्रिकेटचे वेगळेपण लक्षात येते. १८६६ साली स्थापन झालेल्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने कारागीर आणि मजुरांना आपल्या व्याख्येतूनच बाहेर ठेवले होते. फुटबॉलने १८८५ साली व्यावसायिकता मान्य केली आणि थोड्याच वर्षांत तो खेळ कामगारवर्गाचा झाला. रग्बीचे १८९५ साली दोन तुकडे झाले, कारण उत्तरेतल्या गिरणी-खाणींतल्या खेळाडूंना बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायला दक्षिणेतले पदाधिकारी तयार नव्हते. क्रिकेटने कोणालाच बाहेर काढले नाही आणि खेळ फोडलाही नाही. दोघांना एका संघात ठेवले, पण एकाला मान आणि दुसऱ्याला मजुरी अशी वाटणी करून. ही तडजोड दीर्घकाळ टिकली ती याच लवचीकपणामुळे. तिच्यातले सगळे ताणही इथूनच आले.

डॉक्टर ग्रेस

विल्यम गिल्बर्ट ग्रेसचा जन्म १८ जुलै १८४८ रोजी ब्रिस्टलजवळच्या डाउनएंड या गावी झाला. वडील डॉक्टर, भाऊ डॉक्टर, घरासमोरच्या बागेत खेळपट्टी. आई मार्था यांना खेळाची इतकी जाण होती की मुलांच्या खेळाबद्दलचे त्यांचे मत क्रिकेटच्या इतिहासात नोंदले गेले आहे. ग्रेसचे घराणे खाऊनपिऊन सुखी होते, पण जमीनदार नव्हते. ग्रेस ईटनला गेला नाही, केंब्रिजलाही गेला नाही. समाजाच्या मोजपट्टीवर तो सज्जनांच्या वर्तुळाच्या काठावर उभा होता, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या व्यवहाराचे मर्म इथे आहे.

त्याच्या खेळाबद्दल थोडक्यात सांगणे अवघड आहे. १८७१च्या हंगामात त्याने २,७३९ धावा केल्या, सरासरी ७८.२५, तीही खाचखळग्यांच्या खेळपट्ट्यांवर. १८७६च्या ऑगस्टमध्ये केंटविरुद्ध ३४४, पाठोपाठ नॉटिंगहॅमशरविरुद्ध १७७ आणि यॉर्कशरविरुद्ध नाबाद ३१८ अशा लागोपाठच्या तीन डावांत ८३९ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधले ते पहिले त्रिशतक आणि लगेच दुसरेही. १८८० साली ओव्हलवर, इंग्लंडमध्ये झालेल्या पहिल्या कसोटीत त्याने १५२ धावा काढल्या. त्या सामन्यात ई. एम., डब्ल्यू. जी. आणि फ्रेड असे तिघे भाऊ एकत्र खेळले. दोन-तीन आठवड्यांतच फ्रेड फुप्फुसाच्या विकाराने वारला. १८९५ साली, सेहेचाळिशीत, ग्रेसने मे महिन्यात हजार धावा केल्या आणि शंभरावे शतकही झळकावले. पुढे-मागे, उभ्या आणि आडव्या बॅटने, वेगवान आणि संथ गोलंदाजीसमोर एकाच फलंदाजाला खेळता आले पाहिजे ही आजची अपेक्षा ग्रेसने निर्माण केली.

आता हिशेबाची बाजू. ग्रेसला डॉक्टरकीची पदवी मिळायला दशकभर लागले. १८७९ साली तो पात्र झाला आणि ब्रिस्टलच्या गरीब वस्तीत त्याने दवाखाना थाटला. तिथल्या रुग्णांना त्याने प्रेमाने वागवल्याच्या आठवणी पुष्कळ आहेत. पण उन्हाळा आला की तो मैदानावर, आणि दवाखान्यात बदली डॉक्टर. त्या बदली डॉक्टरचा खर्च ग्लॉस्टरशर क्लब देत असे. १८७९मध्ये त्याच्या सन्मानासाठी निधी जमवण्यात आला. १८९५मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने शिलिंग-शिलिंगचा निधी उघडला, त्यात इतरांच्या वर्गण्या मिळून सुमारे ९,००० पौंड जमले. १८९१-९२मध्ये लॉर्ड शेफील्डच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला जाण्याचे त्याने ३,००० पौंड घेतले. कारकिर्दीच्या शेवटी क्रिस्टल पॅलेसच्या 'लंडन काउंटी' क्लबचा व्यवस्थापक म्हणून त्याला वर्षाला ६०० पौंड पगार होता.

ग्रेसला लोभी म्हणणे सोपे आहे, आणि अनेकांनी तसे म्हटलेही आहे. मला तो निवाडा अपुरा वाटतो. हजारो माणसे तिकीट काढून मैदानावर येत ती त्याला पाहायला. तो खेळणार असेल तर प्रवेशाचे दर वाढवले जात. क्लबांच्या तिजोऱ्या त्याच्यामुळे भरल्या. या कमाईत त्याने वाटा मागितला यात गैर काहीच नव्हते. गैर हे होते की तोच वाटा आल्फ्रेड शॉ किंवा विल्यम गन या व्यावसायिकांनी मागितला तर तो उद्धटपणा ठरे. ग्रेसला 'सज्जन' ठेवणे व्यवस्थेच्या हिताचे होते. जंटलमेनचा संघ पूर्वी व्यावसायिकांपुढे वर्षानुवर्षे हरत होता आणि ग्रेसच्या बॅटने ते पारडे फिरवले होते. त्याच्यासाठी नियम वाकवले गेले. इतरांसाठी ते ताठ राहिले.

'खर्च' नावाचा खातेदार

नियम काय होता? १८७८ साली एमसीसी या लॉर्ड्सच्या क्लबने ठरवले की मैदानावरच्या सेवेतून सज्जनाने नफा कमावू नये, आणि सामन्यासाठी प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घेणाऱ्याला लॉर्ड्सवर जंटलमेनच्या संघातून खेळता येणार नाही. ठराव स्वच्छ होता, पण खर्च म्हणजे किती हे ठरवणारे कोणी नव्हते. त्याच सुमारास ग्रेसचा थोरला भाऊ ई. एम., जो ग्लॉस्टरशरचा सचिवही होता, त्याने लावलेल्या खर्चाच्या आकड्यांवरून चौकशी झाली. कारकिर्दीला त्याचा फारसा धक्का लागला नाही.

हळूहळू यातून एक राजमार्ग तयार झाला. ज्या गुणी खेळाडूला विनामोबदला खेळणे परवडत नाही, पण ज्याचे कूळ-शील त्याला व्यावसायिकांच्या खोलीत बसू देत नाही, त्याला क्लबचा सचिव किंवा सहायक सचिव करायचे. पगार कचेरीचा, खेळ हौसेचा. सरेचा वॉल्टर रीड याच वाटेने वर्षानुवर्षे हौशी राहिला. हाच रीड १८८४च्या ओव्हल कसोटीत दहाव्या क्रमांकावर येऊन ११७ धावा करून गेला. १८९५ साली टाँटनला ४२४ धावांचा डाव खेळणारा लँकशरचा आर्ची मॅक्लारेन याचेही आयुष्य सतत पैशाच्या विवंचनेत गेले. पुढे तो रणजितसिंहांचा चिटणीस झाला.

रणजितसिंहांची स्थिती आणखी नाजूक होती. १८९६ साली मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद १५४, १८९९च्या हंगामात ३,१५९ धावा. सगळे इंग्लंड ज्याच्या मनगटाकडे पाहत होते, तो राजकुमार म्हणून मिरवत होता आणि कर्जात बुडाला होता. राजकुमाराने पगार घेऊन खेळणे अशक्य, आणि नवानगरची गादी मिळायला १९०७ साल उजाडावे लागले. मधली वर्षे उसनवारीवर गेली.

ऑस्ट्रेलियन संघांनी तर हा पेच उघडच करून दाखवला. १८७८पासून इंग्लंडला येणारे त्यांचे खेळाडू दाराशी जमलेला पैसा आपसात वाटून घेत आणि तरी त्यांना हौशी खेळाडूंचा मान मिळे. इंग्लिश व्यावसायिकांच्या मनात हे सलत होते.

ती सल बाहेर पडली १८९६च्या ऑगस्टमध्ये. ओव्हलच्या निर्णायक कसोटीआधी जॉर्ज लोमन, विल्यम गन, बॉबी एबल, टॉम रिचर्डसन आणि टॉम हेवर्ड या पाच जणांनी नेहमीच्या १० पौंडांऐवजी २० पौंड मागितले. सरे क्लबने ही मागणी धुडकावली. सरेचे एबल, रिचर्डसन आणि हेवर्ड माघार घेऊन खेळले. लोमन आणि गन खेळले नाहीत. वृत्तपत्रांनी साहजिकच विचारले की मग हौशी खेळाडूंना काय मिळते? सरेला जाहीर खुलासा करावा लागला की ग्रेसला लंडनला येऊन राहण्याच्या खर्चापोटी सामन्याचे १० पौंड दिले जातात, त्याहून अधिक काही नाही. या खुलाशातून हौशी खेळाडूचा निव्वळ खर्च आणि व्यावसायिकाची पूर्ण मजुरी एकच असल्याचे जगजाहीर झाले. व्यावसायिकाला आपल्या दहा पौंडांतूनच गाडीभाडे आणि मुक्काम भागवावा लागे. चर्चेने दुखावलेला आणखी एक हौशी खेळाडू त्या सामन्यातून बाहेर राहिला. त्याचे नाव ए. ई. स्टॉडार्ट.

लोमन त्यानंतर कधीच कसोटी खेळला नाही. १८ कसोटींत १०.७५च्या सरासरीने ११२ बळी घेणारा हा गोलंदाज क्षयाने ग्रासलेला होता. डिसेंबर १९०१मध्ये दक्षिण आफ्रिकेत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. १८९९च्या मालिकेत व्यावसायिकांना कसोटीचे २० पौंड मिळू लागले होते.

स्टॉडार्ट : वैभव आणि शेवट

ग्रेस हा त्या काळाचा अपवाद होता. सर्वसामान्य हौशी खेळाडूचे आयुष्य समजून घ्यायचे तर अँड्र्यू स्टॉडार्टकडे पाहावे. त्याच्यात गुण असामान्य होते, परिस्थिती मात्र त्याच्या वर्गातल्या अनेकांसारखी होती.

११ मार्च १८६३ रोजी साउथ शील्ड्सजवळ जन्मलेला स्टॉडार्ट लंडनला आला, शेअर दलाल झाला आणि हॅम्पस्टेड क्लबकडून खेळू लागला. ४ ऑगस्ट १८८६ रोजी स्टोइक्स क्लबविरुद्ध त्याने ४८५ धावा काढल्या. आदली रात्र पत्ते खेळण्यात गेली होती असे सांगतात. डाव घोषित करण्याची तेव्हा सोय नव्हती. हॅम्पस्टेडच्या ९ बाद ८१३ झाल्या, दिवस संपला आणि स्टोइक्सची फलंदाजी आलीच नाही. त्याच स्टॉडार्टने १८९३ साली लॉर्ड्सवर, ग्रेसच्या गैरहजेरीत कर्णधारपद सांभाळताना, कसोटी इतिहासात पहिल्यांदा डाव घोषित केला.

तो इंग्लंडकडून रग्बीही खेळला आणि दोन्ही खेळांत देशाचा कर्णधार झाला. १८८७-८८मध्ये तो क्रिकेट संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होता. तो तिथेच राहिला आणि १८८८च्या ब्रिटिश रग्बी दौऱ्यात सामील झाला. कर्णधार रॉबर्ट सेडन हंटर नदीत बुडून मरण पावला तेव्हा नेतृत्व स्टॉडार्टकडे आले. तो दौरा आल्फ्रेड शॉ आणि आर्थर श्रूझबरी या दोन व्यावसायिक क्रिकेटपटूंनी नफ्यासाठी काढलेला होता. हॅलिफॅक्सच्या क्लोझ नावाच्या खेळाडूने कपड्यांसाठी १५ पौंड घेतल्याचे उघड झाल्यावर रग्बी संघटनेने त्याला व्यावसायिक ठरवले. बाकीचे काही घेतले नसल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सुटले. वर्ष-वर्ष घरदार, नोकरीधंदा सोडून परमुलखात फिरणारी ही माणसे कशावर जगत होती हा प्रश्न कोणी ताणला नाही.

१८९४-९५चा ऑस्ट्रेलिया दौरा हा स्टॉडार्टच्या आयुष्याचा कळस. सिडनीच्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने ५८६ धावा केल्या, इंग्लंडवर फॉलोऑन आला, आणि तरीही इंग्लंडने तो सामना १० धावांनी जिंकला. मेलबर्नला कर्णधाराने स्वतः १७३ धावा काढल्या. मालिका २-२ अशी बरोबरीत असताना शेवटचा सामना जिंकून ती ३-२ने खिशात घातली. पाच कसोटींची ही मालिका केबलवरून आलेल्या बातम्यांतून इंग्लंडने रोजच्या रोज अनुभवली. कसोटी मालिकेला आज जे राष्ट्रीय महत्त्व आहे त्याची सुरुवात या दौऱ्यापासून मानणारे अभ्यासक आहेत. तीन वर्षांनी तो पुन्हा गेला तेव्हा आईच्या मृत्यूची बातमी तिथे येऊन थडकली. मालिका १-४ अशी हरली आणि प्रेक्षकांच्या हुर्योने तो दुखावला.

१९०० साली लॉर्ड्सवर जे. टी. हर्न या व्यावसायिक सहकाऱ्याच्या मदतनिधीच्या सामन्यात त्याने २२१ धावा केल्या. ही प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली त्याची सर्वोच्च धावसंख्या. मिडलसेक्सकडून त्याचे खेळणे जवळजवळ तिथेच थांबले. पुढे तो लंडनच्या क्वीन्स क्लबचा सचिव झाला. शरीर थकले, मन खचले, १९१४ साली नोकरीही सुटली. युद्धाने पैशाची घडी विस्कटली. एप्रिल १९१५मध्ये, बावन्न वर्षांचा असताना, त्याने स्वतःवर गोळी झाडून आयुष्य संपवले.

त्याच्या बारा वर्षे आधी, मे १९०३मध्ये, नॉटिंगहॅमजवळ आर्थर श्रूझबरीनेही हाच मार्ग पत्करला होता. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर त्याच्याइतका भक्कम फलंदाज त्या पिढीत नव्हता. व्यावसायिकांना न्याय्य मोबदला मिळावा म्हणून १८८१ साली नॉटिंगहॅमशरमध्ये संप झाला, त्यात शॉसोबत तो आघाडीवर होता. १८९८ साली ग्रेसच्या पन्नासाव्या वाढदिवशी लॉर्ड्सवर भरलेल्या जंटलमेन-प्लेअर्स सामन्यात स्टॉडार्ट आणि श्रूझबरी समोरासमोर होते. श्रूझबरी व्यावसायिकांचा कर्णधार होता. एकाला सज्जनपणाने खेळातून उपजीविका करू दिली नाही, दुसऱ्याला कौशल्याने कधी बरोबरीचा मान मिळवून दिला नाही. दोघांनाही खेळ संपल्यावर कुठे जायचे हे त्या व्यवस्थेने सांगितले नाही. आत्महत्येची कारणे कोणी बाहेरून नेमकी सांगू नयेत. पण खेळाडूच्या उत्तरायुष्याचा विचार त्या काळी कोणीच केला नव्हता, एवढे म्हणता येते.

हौसेची दुसरी रूपे

हौशी खेळाडू म्हणजे ढोंगी हे समीकरणही चुकीचे ठरेल. सी. टी. स्टडचे आयुष्य पाहा. केंब्रिजचा हा तरुण १८८२ साली ऑस्ट्रेलियन गोलंदाजीविरुद्ध दोन शतके काढून इंग्लंडचा आवडता झाला. त्याच वर्षी ओव्हलवर इंग्लंड ७ धावांनी हरले आणि 'अ‍ॅशेस'ची कथा सुरू झाली, तेव्हा तो नाबाद राहिला होता. १८८५ साली तो क्रिकेट सोडून मिशनरी म्हणून चीनला गेला, वारशाने आलेली संपत्ती दान केली, पुढे काही वर्षे उटीला राहिला आणि अखेर आफ्रिकेत, कांगोमध्ये १९३१ साली वारला. त्याच्या धर्मकार्याबद्दल कोणाचे काहीही मत असो, फळाची अपेक्षा न ठेवण्याचा शाळेतला धडा त्याने शब्दशः घेतला होता.

लॉर्ड हॉकचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८८३ ते १९१० तो यॉर्कशरचा कर्णधार होता, फलंदाज म्हणून बेताचाच. पण त्याच्या कारकिर्दीत यॉर्कशरने आठ वेळा अजिंक्यपद मिळवले. नियमित व्यावसायिकांना त्याने हिवाळ्यात आठवड्याला २ पौंड मिळतील अशी सोय केली. मदतनिधीच्या सामन्यातून मिळालेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग खेळाडूच्या नावे गुंतवायला लावला, म्हणजे पैसा दारूत बुडणार नाही आणि म्हातारपणी उपयोगी पडेल. व्यावसायिकांचे जीवन त्याच्यामुळे निश्चित सुधारले. हाच हॉक १९२५ साली म्हणाला की इंग्लंडचे कर्णधारपद व्यावसायिकाकडे जाण्याची वेळ देव न आणो. त्याला आपल्या खेळाडूंबद्दल माया होती. ती पालकाची होती, बरोबरीच्या माणसाची नव्हती. १८८६-८७च्या दौऱ्यात श्रूझबरीने नेतृत्व केल्यानंतर इंग्लंडने व्यावसायिक कर्णधार नेमला तो थेट १९५२ साली, लेन हटन. मधल्या पासष्ट वर्षांत किती गुणी कर्णधार वाया गेले याचा हिशेब कोणत्याच खातेवहीत सापडणार नाही.

मुंबई-पुण्याच्या मैदानांवर

ही व्यवस्था बोटीने मुंबईलाही आली. केंटचा आणि इंग्लंडचा माजी कर्णधार लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना जागा मिळाली ती त्याच्या काळात. युरोपियन आणि पारशी यांच्यातले नियमित सामनेही त्याच्याच काळात सुरू झाले. १८९३च्या मुंबईतल्या दंगलीत तो पुण्याहून परतायला उशीर लावतो म्हणून देशी वृत्तपत्रांनी त्याच्यावर कडक टीकाही केली.

जानेवारी १८९०मध्ये जी. एफ. व्हर्ननच्या निव्वळ हौशी खेळाडूंच्या संघाला पारशी संघाने मुंबईत चार गड्यांनी हरवले. डॉ. मेहेल्लाशा पावरी याने दुसऱ्या डावात ३४ धावांत ७ बळी घेतले. पावरी म्हणजे अस्सल हौशी खेळाडू : शिकलेला, पेशाने डॉक्टर, १८९५ साली स्टॉडार्टच्या मिडलसेक्सकडून एक सामना खेळलेला. इंग्रजांच्या मोजपट्टीवर इंग्रजांनाच हरवणे हे त्या वर्गाचे स्वप्न होते आणि पावरीने ते पुरे केले.

पण पुण्यात त्याच सुमारास दुसरे एक आयुष्य आकार घेत होते. चर्मकार समाजातला पालवणकर बाळू पुण्याच्या पारशी क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडण्या-लोळवण्याचे काम करत होता. तिथून तो ४ रुपयांवर गोऱ्यांच्या क्लबात गेला. नेटमध्ये तो कॅप्टन जे. जी. ग्रेगसारख्या फलंदाजांना तासन्‌तास गोलंदाजी करत असे. त्याला बॅट हातात घेण्याची संधी क्वचितच मिळाली. इंग्लंडमधल्या शाळेच्या नेटमध्ये जे वर्गाने ठरवले होते ते इथे वर्ग, वंश आणि जात या तिघांनी मिळून ठरवले. पुढे हिंदू संघाने त्याला घेतले, पण चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १८.८४च्या सरासरीने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे नेतृत्व त्याला रीतसर कधी मिळाले नाही. तो मान १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाला. इंग्लंडमध्ये व्यावसायिकाला कर्णधार न करण्याची कारणे आणि इथे बाळूला न करण्याची कारणे एक नव्हती; जातीचा जाच वर्गाच्या भेदाहून खोल होता. तरी दोन्ही ठिकाणी एक गृहीतक समान होते : कौशल्य विकत घेता येते, पण नेतृत्व जन्मावर ठरते.

इतिहासकारांची बदलती नजर

या सगळ्याकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली हेही पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले लेखन बहुतांशी हौशी खेळाडूंच्या आठवणींचे आहे. त्यात सोनेरी ऊन, रुबाबदार फटके आणि निष्ठावंत व्यावसायिक दिसतात. १९६३ साली सी. एल. आर. जेम्स या त्रिनिदादच्या लेखकाने 'बियाँड अ बाउंड्री'मध्ये ग्रेसला इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात जागा मागितली. औद्योगिक इंग्लंडला जुन्या ग्रामीण इंग्लंडचा जोम ग्रेसने परत दिला, अशी त्याची मांडणी होती. १९८८ साली रिक सिसन्सने 'द प्लेअर्स' या पुस्तकात व्यावसायिकांचे पगार, संप आणि वार्धक्य यांचा इतिहास लिहिला. १९९९ साली डेरेक बर्लीने इंग्लिश क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात सज्जनपणाच्या कल्पनेची कठोर चिकित्सा केली. २००२ साली रामचंद्र गुहांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड'मध्ये बाळूला त्याच्या हक्काच्या जागी आणून बसवले. म्हणजे आधी पॅव्हिलियनमधून लिहिला गेलेला इतिहास हळूहळू मैदानाच्या दुसऱ्या दारातून लिहिला जाऊ लागला.

भेद संपला तो फार उशिरा. १९६२-६३च्या हिवाळ्यात एमसीसीने हौशी आणि व्यावसायिक ही विभागणी रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि जंटलमेन-प्लेअर्स सामना इतिहासजमा झाला. नैतिक जागृतीपेक्षा व्यवहाराने तो निर्णय घडवला. फुकट खेळायला परवडणारी माणसे उरली नव्हती, आणि खर्चाच्या नावावर चालणारे व्यवहार झाकणे अवघड झाले होते. भारतातही या कल्पनेची सावली दीर्घकाळ रेंगाळली. १९५२ साली लँकशर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबची व्यावसायिक नोकरी सोडायची तर कसोटी संघात जागा नक्की असल्याची हमी द्या, एवढेच विनू मंकडने मागितले होते. भारतीय क्रिकेट मंडळाने नकार दिला. त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यातली पहिली कसोटी हरल्यावर त्याच मंकडला क्लबकडून उसने मागून घ्यावे लागले आणि लॉर्ड्सवर त्याने ७२ आणि १८४ धावा काढून डावात पाच बळीही घेतले.

या आढाव्यातून माझ्यापुरता निष्कर्ष असा निघतो. खेळावरचे निखळ प्रेम ही व्हिक्टोरियन हौशी खेळाडूंची बनवाबनवी नव्हती. स्टॉडार्टच्या, स्टडच्या, ग्रेसच्या खेळात ते ओसंडून वाहते. चूक होती ती हे प्रेम एका वर्गाची मालमत्ता समजण्याची. छातीत क्षय घेऊन गोलंदाजी करणाऱ्या लोमनचे खेळावर प्रेम कमी नव्हते. चार रुपयांच्या पगारात चेंडूला वळण, उंची आणि वेग देण्याची कला घडवणाऱ्या बाळूचेही नव्हते. पैसा घेतल्याने प्रेम मळत नाही आणि न घेतल्याने ते उजळत नाही. मळते ते लपवाछपवीने. म्हणून आजही कोणी पैशाविना खेळण्याचा गौरव करू लागले की दोन प्रश्न विचारावेत : त्या हौसेचा खर्च कोण भरतो आहे, आणि ज्याला तो भरता येत नाही त्याला कोणत्या दाराने आत घेतले जाते? ज्या मैदानावर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे उघडपणे देता येतात, तिथे हौशी आणि व्यावसायिक दोघेही ताठ मानेने खेळू शकतात. व्हिक्टोरियन क्रिकेटने खेळ अद्वितीय उंचीवर नेला, पण ही उत्तरे कधी दिली नाहीत. ती देण्याची जबाबदारी आता आपली आहे.